फ्रॉकच्या पाठीवरचा बो

गणपती जवळ आले की लांज्याच्या बाजारपेठेतल्या शिलाईवाल्यांकडे उभं राहायला जागा उरत नाही. मुंबईचे चाकरमानी यायच्या आत पोरींचे फ्रॉक, परकर-पोलकी, बायकांचे ब्लाऊज तयार व्हायला हवेत. गणपती गेले की दिवाळीची घाई. ह्या गर्दीत माझी नजर मात्र एकाच जागी जाते, फ्रॉकच्या पाठीवर. तिथे बांधायचे दोन लांब पट्टे लोंबत असले की माझा जीव भांड्यात पडतो. हल्ली तसं क्वचित होतं. "ताई, पट्टे ठेवले तर बांधणार कोण? आयांना कुठे वेळ आहे?" असं म्हणत आमचे टेलरकाका टिचबटणाचा तयार बो टाचून मोकळे होतात. धंद्याच्या हिशेबाने ते चुकत नाहीत. पण बो ही बांधायची वस्तू आहे, चिकटवायची नव्हे, असं माझं फार जुनं आणि घरच्यांना पाठ झालेलं मत आहे.

परदेशी इतिहास एका दमात उरकते. १७५६ साली फ्रान्स्वा बूशे ह्या चित्रकाराने फ्रान्सच्या राजदरबारातल्या मादाम द पाँपादूरचं चित्र काढलं. त्यात तिच्या छातीपासून कमरेपर्यंत एकाखाली एक बो आहेत, अगदी शिडीच. १९२७ साली एल्सा स्कियापारेल्ली ह्या फॅशन डिझायनरने काळ्या स्वेटरच्या विणीतच पांढरा बो विणून घेतला. बांधायलाही नको आणि सुटायलाही नको! त्या स्वेटरने तिचं नाव झालं. फ्रॉक आपल्याकडे साहेबाबरोबर आला, मुंबईत रुळला आणि चाकरमान्यांच्या ट्रंकेतून बोटीने कोकणात उतरला. झालं.

कपडे बांधायचे बंद मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. बटणाला काज लागतं, आणि काज एकदा पाडलं की माप ठरलं. बंदाला माप नसतं. बाराबंदीचा एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा, आतले बंद आत आणि बाहेरचे बाहेर बांधायचे. माणूस वाळला तर घट्ट, सुटला तर सैल. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, तेव्हा ते पेलणारे मानकरी आजही पांढऱ्या बाराबंदीत असतात. मी ती यात्रा पाहायला गेले तेव्हा बरोबरीचे लोक नंदीध्वजाची उंची बघत होते आणि मी छातीवरच्या गाठी बघत होते. इतका जड ध्वज उचलायचा, म्हणजे अंगातला कपडा जागचा हलता कामा नये. तिथे बटण कधीच तुटून गेलं असतं.

बंद कुठल्या बाजूला बांधायचे ह्यालाही अर्थ असे. मुघल काळात जाम्याचे, म्हणजे लांब अंगरख्याचे, बंद मुसलमान उजव्या बाजूला बांधत आणि हिंदू डाव्या. गाठीच्या जागेवरून माणूस ओळखण्याची रीत पार युरोपातही दिसते. जर्मनीच्या बव्हेरियात बायका डिर्न्डल नावाच्या पोशाखावर ॲप्रन बांधतात. त्याचा बो डावीकडे असला तर मुलगी अविवाहित, उजवीकडे असला तर लग्न झालेली, असा तिथला संकेत आहे. भारतीय पोशाखाचा असा बारकाईने विचार करणारे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये आपल्या मालवणात जन्मले, हे सांगताना मला उगाचच बरं वाटतं. पोशाखावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९५१ साली निघालं.

बंदांचा विषय लांज्यात निघाला आणि झाशीची राणी आठवली नाही, असं होत नाही. राणीच्या सासरचे नेवाळकर मूळचे आमच्याच तालुक्यातल्या कोट गावचे. तिचं पाठीशी मूल बांधून घोड्यावर बसलेलं चित्र शाळेपासून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. ते तसंच घडलं का, ह्यावर जाणकारांनी वाद घालावा. मला लहानपणापासून एकच प्रश्न पडतो, तो शेला बांधला कसा असेल? माझ्या मते एक टोक खांद्यावरून, दुसरं काखेतून आणि छातीवर निरगाठ. पळत्या घोड्यावर सुरगाठीचा भरवसा कोण धरणार?

बायकांच्या कपड्यांतली खरी देखणी गाठ चोळीची. खणाची चोळी, पुढची दोन टोकं ओढून छातीखाली गाठ. खण यायचा गुळेदगुड्डहून, शिवणं व्हायचं घरी हातावर. मापात थोडं मागेपुढे झालं तरी गाठ सांभाळून घेई. दिवस गेले, बाळंतपण झालं, बाळ अंगावर पिऊ लागलं, तरी तीच चोळी चाले. मग बटणांचं पोलकं आलं, पुढे हुकांचा ब्लाऊज आला, आणि दर दोन वर्षांनी शिवण उसवून ब्लाऊज सैल करायचं काम आपल्यामागे लागलं. परकराची नाडी तेवढी टिकली. तिची एका पाकळीची सुरगाठ आपण रोज मारतो आणि तिच्याकडे ढुंकून बघत नाही. कोरियात अशाच एका पाकळीच्या गाठीला केवढा मान! त्यांच्या पारंपरिक झग्याच्या छातीवर ती दिमाखात मिरवते. आपली मात्र साडीच्या आत, आणि घाईत चुकीचं टोक ओढलं की तिची निरगाठ होऊन बाई न्हाणीघरात हेअरपिन मागत बसते.

झबल्याचे बंद पाठीवर का, तर तान्ह्या बाळाच्या तोंडात जाईल असं बटण नको आणि झोपलेल्या बाळाला छातीवर काही रुतायला नको. गळ्याशी मात्र सांभाळायला हवं. युरोपातल्या नियमांप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीपाशी आणि गळ्यापाशी ओढायच्या दोऱ्या चालत नाहीत, कारण त्या कशात अडकल्या तर फास बसतो. आपल्याकडच्या कुंचीचे बंद हनुवटीखाली असतात. ती घालून बाळाला पाळण्यात एकटं ठेवू नये, हे मी प्रत्येक नव्या आजीला सांगते आणि बोलणी खाते.

आता माझ्या आवडीच्या जागी येते. बो वाकडा का होतो?

शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचामागे मी वर्षानुवर्षं बो बांधत आले आहे. तिथे हमखास एखादी आई रडकुंडीला येते. तिने बांधलेला बो कमरेला आडवा बसायच्या ऐवजी पाठीच्या कण्याच्या रेषेत उभा राहतो. सरळ करावा तर पुन्हा फिरतो आणि नाच संपेस्तोवर सुटतो. दोष कापडाचा नसतो, हाताचाही नसतो. बोमध्ये दोन अर्ध्या गाठी असतात. पहिली साधी, दुसरी पाकळ्यांसकट. पहिल्या वेळी डावा पट्टा उजव्यावरून नेला असेल तर दुसऱ्या वेळी उजवी पाकळी डावीवरून यायला हवी. दोन्ही वेळा डावा वरून घेतला की गाठ पिळते आणि बो उभा राहतो. स्काऊट-गाईडमध्ये शिकवतात ती रीफ नॉट, झोळीचं बँडेज बांधताना वापरतात ती, तीच ही. फरक इतकाच की टोकं पूर्ण ओढून न घेता पाकळ्या ठेवायच्या. एवढं एक कळलं की जन्मभराचे बो सरळ होतात. स्वतःच्या बुटांच्या नाड्यांवर करून बघा. बो बुटाला आडवा बसत नसेल, तर इतकी वर्षं दुसरी गाठ उलटी मारत होतात.

बुटांवरून आठवलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी २०१७ मध्ये बुटाची नाडी आपोआप का सुटते ह्यावर शोधनिबंध लिहिला. धावताना पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट जोराचा दणका बसतो आणि गाठ सैलावते. त्याच वेळी हवेत झुलणारी मोकळी टोकं तिला बाहेर ओढतात. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग दोन-चार सेकंदांत सगळं सुटतं. पिळलेली गाठ सरळ गाठीपेक्षा फार लवकर सुटते, हेही त्यांनी दाखवलं. हे वाचल्यावर लग्नातल्या ब्लाऊजच्या डोऱ्यांचा उलगडा मला झाला. डोरीच्या टोकाला जड लटकन, बाई नाचतेय, लटकन झुलतंय, आणि प्रत्येक झोका गाठ ओढतोय! तेव्हापासून मी सांगते, लटकन हलकं घ्या, नाहीतर गाठीत दोन टाके घाला.

कापडाचंही तसंच. सुती पट्ट्याला स्वतःचा खरखरीतपणा असतो, त्यामुळे गाठ धरून राहते. सॅटिन चमकतं, पण निसटतं. ऑर्गंझा ताठ, पाकळी उभी राहते, मात्र तो पोरीच्या पाठीला टोचतो. जॉर्जेटचा बो बांधल्याबरोबर मान टाकतो. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकला मी एकेक पट्टा पंचवीस इंच धरते. चार इंची पाकळीत जाण्या-येण्याचे आठ इंच, खाली लोंबायला आठ, गाठीत तीन, आणि बाजूच्या शिवणीपासून पाठीच्या मध्यापर्यंत उरलेले सहा. पट्टा दुहेरी शिवून उलटवावा म्हणजे दोन्ही बाजू सुलट राहतात. एकेरी असेल तर पाकळी करताना पट्टा हातातल्या हातात अर्धा फिरवावा, नाहीतर एका पाकळीची उलटी बाजू जगाला दिसते. टोकं तिरकी कापली तर बो हलका दिसतो. आणि बांधून झाल्यावर पाकळ्यांत बोटं घालून त्या फुगवायच्या, ओढायच्या नाहीत. ओढलं की गाठ आवळते, बो चिमतो.

बांधायच्या बोसाठी मी इतकी भांडते त्याचं साधं कारण म्हणजे पोरी वाढतात. पट्ट्यांचा फ्रॉक थोडा सैल शिवला तर पहिल्या दिवाळीला पट्टे घट्ट ओढायचे, दुसऱ्या दिवाळीला जरा सैल. शिवलेल्या बोच्या फ्रॉकला कंबर एकच. काकांनी तो बो बकरम घालून कितीही ताठ केला तरी तो फ्रॉक पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचा.

एका बाबतीत मात्र काकांपुढे हात टेकते. आजीच्या जुन्या पैठणीचा किंवा शालूचा फ्रॉक शिवायची हल्ली हौस आहे, आणि काठाचाच बो हवा असतो. जुनी जर घडीवर तुटते. तिला रोज गाठ मारणं म्हणजे काठाचा खून. तिथे काठ सपाट ठेवून शिवलेलाच बो लावावा, मागे हूक. खणाला ही भीती कमी. खणाची अरुंद पट्टी साध्या मलमलीच्या फ्रॉकवर इतकी सुंदर बांधली जाते की तयार बो तिच्यापुढे फिका पडतो.

दिवाळीपुरती एक गोष्ट. फुलबाजा लावायच्या वेळी बोच्या शेपट्या आखूड असू द्या, आणि कापड सुती. नायलॉन, पॉलिएस्टर ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुतीही पेट घेतं, पण असं चिकटत नाही. शेपट्या लांब असतील तर गाठीतच आत खोचून टाका. रात्री फ्रॉक काढला की बो सोडून ठेवा. बांधलेलाच धुतला तर गाठीच्या जागी सुरकुती बसते. ती इस्त्रीने जात नाही, पट्टा ओलसर असताना उलट्या बाजूने दाबावा लागतो.