क्रोम चाकांचा शत्रू ॲसिड, मित्र साबणपाणी

पावसाळा ओसरून दसरा जवळ आला की ट्रक आणि पिकअपच्या मालकांची धुलाईची लगबग सुरू होते. वाहनपूजेपूर्वी चाके आरशासारखी दिसावीत, ही हौस स्वाभाविक आहे. मात्र क्रोम चाकांचे सर्वाधिक नुकसान याच घाईत होते. चार महिन्यांचा चिखल आणि डाग तासाभरात घालवण्यासाठी कोणी न्हाणीघरातील फरशीचे ॲसिड ओततो, कोणी लोखंडी तारेचा काथ्या घासतो, तर कोणी समया उजळणारी चिंच चाकावरही चोळून पाहतो. चाक त्या दिवशी उजळते. पण काही महिन्यांत त्यावर बारीक तपकिरी ठिपके उमटतात आणि पुढे मुलाम्याचे पापुद्रे सुटू लागतात. असे का होते, हे समजून घेतले तर निगा राखणे अवघड नाही.

केसाहूनही पातळ कवच

क्रोमचे चाक क्रोमियमचे बनलेले नसते. मूळ चाक पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्यावर विजेच्या साहाय्याने धातूंचे थर चढवले जातात. बहुधा तळाशी तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम, असा हा क्रम असतो. निकेलचा थर साधारण २० ते ४० मायक्रॉन जाडीचा असतो. क्रोमियमचा मात्र अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले तर आपण ज्याला घासतो ते कवच केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असते.

१७९७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोकलॅं यांनी शोधलेला क्रोमियम हा धातू कठीण आहे. हवेशी संपर्क येताच त्यावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि तोच त्याची चमक टिकवतो. परंतु या पातळ थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रे असतात. त्यांतून क्षारयुक्त पाणी निकेलपर्यंत आणि पुढे पोलादापर्यंत पोहोचते. पत्र्यावरील जस्ताचा मुलामा स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. निकेलचे तसे नाही. त्याला एकदा छिद्र पडले की त्या जागी उघडे पडलेले पोलाद उलट अधिक वेगाने गंजते. म्हणूनच सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्याखाली गंज बराच दूर पसरलेला असू शकतो.

किनाऱ्यावर जोखीम अधिक

गोव्याच्या हवेत हा धोका वाढतो. समुद्री वाऱ्यातील मिठाचे कण चाकावर बसतात आणि दमट हवेत ओलसरच राहतात. त्यांतील क्लोराइड हाच मुलाम्याचा मुख्य शत्रू. मुरगाव बंदराच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या किंवा मासळी वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकांना ही खारट ओल रोज लागते. आतील तालुक्यांत जांभ्याची आणि खनिजाची लाल धूळ नट, झाकणे आणि रिमच्या कडांत साचते व ओल धरून ठेवते. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून आलेल्या गाडीची चाके ब्रेकमुळे तापलेली असतात. त्यांवर साबण किंवा रसायन टाकल्यास पाणी क्षणात उडून जाते, रसायन अधिक जोमाने लागते आणि डाग उरतात. अशा वेळी चाके हाताला गार लागेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

आधी चाक ओळखा

चकाकणारे प्रत्येक चाक क्रोमचे नसते. काही चाके घासून उजळलेल्या ॲल्युमिनियमची असतात, काहींवर क्रोमसारखा रंग आणि पारदर्शक लेप असतो, तर अनेक ट्रकांच्या रंगवलेल्या लोखंडी रिमवर केवळ क्रोम दिलेली प्लास्टिकची किंवा पत्र्याची झाकणे बसवलेली असतात. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. धातूच्या पॉलिशचा एक थेंब पांढऱ्या कापडावर घेऊन चाकाच्या आडोशाच्या भागी हलकेच चोळावा. कापड लगेच काळे पडले तर ते उघडे ॲल्युमिनियम असण्याची शक्यता अधिक. स्वच्छ क्रोमवर कापड तसे काळवंडत नाही. पारदर्शक लेपाच्या चाकावर धातूचे पॉलिश वापरूच नये, कारण त्याने लेप धूसर होतो. शंका असल्यास केवळ साबणपाणी वापरावे. ते कोणत्याही प्रकाराला चालते.

धुण्याची योग्य रीत

गाडी सावलीत उभी करून एका वेळी एकच चाक धुवावे, म्हणजे साबण वाळत नाही. प्रथम भरपूर साध्या पाण्याने धूळ आणि रेती वाहू द्यावी. ही पायरी गाळून थेट फडका फिरवला तर रेतीच सँडपेपरचे काम करते. त्यानंतर वाहनांसाठीचा सौम्य शाम्पू पाण्यात मिसळून मऊ ब्रश किंवा स्पंजने चाक धुवावे. एक बादली साबणाची आणि दुसरी स्पंज खळबळण्याची ठेवावी. चाकांचा स्पंज गाडीच्या रंगावर वापरू नये. नटांच्या भोवती आणि छिद्रांच्या कडांना जुना मऊ टूथब्रश उपयोगी पडतो. रिमची आतली बाजू दिसत नाही म्हणून वगळली जाते. गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

डांबराचे ठिपके कापडावर थोडे रॉकेल घेऊन पुसावेत, ते टायरच्या रबराला लागू देऊ नये आणि जागा लगेच साबणाने धुवावी. शेवटी चाक स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती किंवा मायक्रोफायबरच्या कापडाने पूर्ण कोरडे करावे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी चाकावरच वाळले तर चुन्यासारखे पांढरे डाग राहतात.

चाक कोरडे झाल्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. मेण छिद्रांच्या तोंडाशी ओल अडवते. कोरड्या दिवसांत दोन-तीन महिन्यांतून एकदा, तर पावसाळ्यात आणि किनारी भागात महिन्यातून एकदा मेण लावणे हिताचे. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने क्षार धुऊन काढणे मात्र त्याहूनही महत्त्वाचे आहे.

ॲसिड आणि चिंच का नको?

फरशीच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. क्रोमियमचा संरक्षक पापुद्रा विरघळवण्याची क्षमता त्यात आहे आणि धुतल्यानंतरही त्यातील क्लोराइड भेगांत दडून राहते. पितळ आणि तांबे जाड, एकसंध असतात. चिंचेने किंवा लिंबाने त्यांचा वरचा काळा थर निघतो आणि खाली तोच धातू लाभतो. क्रोमखाली क्रोम नसते. म्हणून घरातील समईचा उपाय चाकाला लागू होत नाही.

धुलाई केंद्रांत मिळणाऱ्या काही झटपट द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा फ्लोराइडचे क्षार असतात. येथे प्रश्न केवळ चाकाचा नाही. हे आम्ल त्वचेतून खोल शिरते, त्याची वेदना काही तासांनीही सुरू होऊ शकते आणि गंभीर प्रसंगी रक्तातील कॅल्शियम घटून जीवही धोक्यात येतो. उघड्या हातांनी चाके घासणाऱ्या क्लीनरला किंवा धुलाई कामगाराला ही किंमत मोजावी लागू नये. डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर ते द्रावण नाकारावे.

गंज दिसू लागल्यास

वरवरचे थोडे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळावी. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने सहसा ओरखडे पडत नाहीत. त्यानंतर धुऊन, कोरडे करून मेण लावावे. लोखंडी काथ्याचे तुकडे भेगांत अडकून स्वतःच गंजतात, म्हणून तो टाळावा. एकदा खड्डे पडले की कोणतेही पॉलिश गेलेला थर परत आणत नाही. गंजाची गती तेवढी मंदावते.

चकाकीआडचा धोका

रिमच्या ज्या कडेवर टायर घट्ट बसतो तिथला मुलामा सुटला तर हवा हळूहळू गळू लागते. कमी हवेचा टायर भारित अवस्थेत अधिक वाकतो, तापतो आणि घाटात फुटू शकतो. एकाच चाकाची हवा वारंवार कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायर उतरवून ही कड तपासावी. तसेच नटाभोवती गंजाचा ओघळ दिसला तर नट सैल असल्याची ती खूण असू शकते. शोभेच्या झाकणांखाली ही खूण लपते, म्हणून धुलाईच्या वेळी झाकणे काढून पाहणे आवश्यक आहे. छिद्रांपासून निघालेली बारीक भेग आढळल्यास ते चाक वापरातून काढावे. वेल्डिंग करून किंवा नवा मुलामा चढवून ती झाकू नये.

मेण किंवा पॉलिश नटांच्या बैठकीवर आणि आट्यांवर जाणार नाही, याचीही खबरदारी घ्यावी. तेथे लेप साचला तर नटाची पकड ढिली होऊ शकते. चाक काढून पुन्हा बसवल्यावर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घ्यावेत. दर आठवड्याच्या धुलाईत पाण्यासोबत नजरही प्रत्येक नटावरून फिरली, तर चाकाची निगा आणि तपासणी ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.