पोटातील जिवाणू व आपली रोगप्रतिकारशक्ती

जिवाणू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. परंतु सर्वच जिवाणू रोग करीत नाहीत. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणूंची वस्ती असून त्यांतील अनेक आपले रक्षण करतात. समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना याची माहिती व्हावी म्हणून हा अल्पसा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

शरीरातील संरक्षक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या अस्तरात असतो. हितकारक जिवाणू तेथे तीन कामे करतात. एक, ते जागा व अन्न व्यापून टाकतात, त्यामुळे रोगजंतूंना थारा मिळत नाही. दोन, आपल्याला न पचलेला चोथा आंबवून ते आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्लावर मोठ्या आतड्यातील अस्तराचे पोषण होते. तीन, त्यांच्या सहवासात संरक्षक पेशी शत्रू कोण व मित्र कोण हे ओळखू लागतात.

ओडिशातील खेड्यांत सुमारे ४,५०० निरोगी नवजात बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या बालकांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हे जिवाणू व त्यांचे खाद्य तोंडावाटे दिले होते. गंभीर जंतुसंसर्ग वा मृत्यूचे प्रमाण इतर बालकांत १०० मागे ९ होते, तर या बालकांत सुमारे ५. उलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब झालेल्या मुलांना दुसऱ्या जातीच्या लॅक्टोबॅसिलसचा लाभ दिसला नाही. म्हणजे कोणता जिवाणू, कोणाला व कशासाठी, हे पाहावे लागते. महाग कॅप्सूल घेतली की काम झाले, असे नाही.

आपल्या खानदेशात ताजे दही-ताक घरोघरी असते. मात्र कढी उकळली की त्यातील जिवाणू मरतात. ज्वारी आंबवून केलेल्या बिबड्यांचेही तसेच, कारण पीठ शिजवावे लागते. कळण्याची भाकरी, डाळी, भाज्या व केळी यांतील चोथा मात्र पोटातील जिवाणूंचे अन्न होतो. तान्ह्या बाळासाठी आईच्या दुधातच अशा जिवाणूंचे खाद्य असते.

अँटिबायोटिक औषध रोगजंतूंबरोबर या मित्रांनाही मारते. म्हणून साध्या जुलाबासाठी दुकानातून परस्पर अशा गोळ्या आणू नयेत. मुलांना ओआरएस पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे व डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे. शौचातून रक्त पडल्यास किंवा मूल मलूल झाल्यास त्वरित दवाखाना गाठावा. घरोघरी एवढे पाळले जावे, ही आमची नम्र विनंती.