सेप्सिस : वेळीं ओळखावयाचा शत्रु

पायांत बाभळीचा कांटा मोडला अथवा हातास खुरपें लागलें, तर आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांत त्याची फारशी फिकीर कोणी करीत नाहीं. हळद दाबावी, चिंधी बांधावी व पुनः कामास लागावें, हा नित्याचा क्रम. बहुधा जखम बरीहि होते. परंतु क्वचित् अशा क्षुल्लक कारणांतून जें प्राणसंकट उद्भवतें, त्याचें नांव सेप्सिस. त्याची ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस व्हावी, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

शरीरांत शिरलेल्या रोगजंतूंशीं झुंजण्याची योजना परमेश्वरानें शरीरांतच करून ठेविली आहे. पण ही झुंज कधीं कधीं मर्यादा सोडते. चोरास हांकलतांना राखणदारानेंच घर मोडावें, तशी मग अवस्था होते. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडें, फुप्फुसें व मेंदु ह्यांचें कार्य बिघडतें. हाच सेप्सिस. त्यास जखमच पाहिजे असें नाहीं; न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा विकार, बाळंतपण ह्यांतूनहि तो उद्भवतो. 2017 सालीं जगांत सुमारें 1 कोटी 10 लक्ष माणसें सेप्सिसनें दगावलीं, असा अंदाज 2020 सालीं प्रसिद्ध झाला. जे वांचतात त्यांपैकीं कित्येकांस पुढें पुष्कळ महिने अशक्तपणा व विस्मरण सोडीत नाहीं. कोणाचा हात अगर पायहि कापावा लागतो.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत, गडचिरोली जिल्ह्यांत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें 39 खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. बालक अंगावर पीत नाहीं, रडणें क्षीण झालें, अंग गार पडलें, अशा साध्या खुणांवरून त्या सेप्सिस ओळखीत व शिकविल्याप्रमाणें प्रतिजैविक औषध देत. ह्या प्रयोगाचा वृत्तांत 1999 सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत आला. तिसऱ्या वर्षीं त्या खेड्यांतील नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, 62 टक्क्यांनीं घटले होते. घरोघरीं औषधें टोचावीं, असा ह्याचा अर्थ नव्हे; त्या स्त्रियांस रीतसर शिक्षण मिळालें होतें. बोध इतकाच कीं, पाहणारा डोळा जागा असला तर खेड्यांतल्या झोंपडींतहि हा शत्रु ओळखतां येतो.

मोठ्या माणसांतील खुणा ह्या : हुडहुडी भरून ताप येणें अथवा उलट अंग गार पडणें, श्वास जलद चालणें, असंबद्ध बडबडणें, लघवी फारच थोडी होणें, कातडी निळसर अथवा डागाळलेली दिसणें. आजाऱ्यांत अशा खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहूं नये. 108 ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णालय गांठावें आणि “हा सेप्सिस तर नव्हे ना?” असें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. उपचारास लागलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. जखम प्रथम स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवावी, हात धुण्याची संवय ठेवावी आणि मुलांच्या लसी चुकवूं नयेत. एवढें तर प्रत्येक घरीं साधण्यासारखें आहे.

शुभवर्तमानांतील शोमरोनी मनुष्यानें घायाळ वाटसरूच्या जखमा बांधल्या. पण तेवढ्यावर न थांबतां त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत पोंचविलें. विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं वा शेजारीं कोणी असा आजारी पडला, तर नुसती चिंधी बांधून थांबूं नका. त्यास वेळेवर पोंचवा.