अपंग कन्येचें मन

घरांत उपवर कन्या असली म्हणजे आईबापांस झोंप लागत नाहीं. परंतु तीच कन्या अंध, पंगु किंवा मूकबधिर असली म्हणजे लग्नाची गोष्टच निघत नाहीं. तिचें औषधपाणी होतें, कौतुकही होतें. मात्र तिलाही कोणी आवडावें, ही कल्पना वडीलधाऱ्या मंडळींस चमत्कारिक वाटते.

पुराणें या बाबतींत अधिक मोकळीं आहेत. भागवताच्या दशम स्कंधांत कुब्जा श्रीकृष्णाचें उत्तरीय धरून त्यास आपल्या घरीं बोलावते, आणि भगवान वचन पाळून तिच्या घरीं जातात. तथापि त्यापूर्वीं त्यांनीं तिचें कुबड सरळ केलें होतें, हें विसरूं नये. धृतराष्ट्रास गांधारी मिळतांना त्याचें अंधत्व आड आलें नाहीं. स्त्रीस मात्र आधीं सरळ व्हावें लागतें!

या समजुतीचें कठोर टोंक महाराष्ट्रानें १९९४ सालीं पाहिलें. शिरूर येथील सरकारी वसतिगृहांतील कांहीं मतिमंद स्त्रियांचीं गर्भाशयें पुण्याच्या ससून रुग्णालयांत काढण्यांत आलीं. मासिक धर्माच्या वेळीं त्यांस स्वच्छता राखतां येत नाहीं, असें कारण सांगितलें गेलें. स्त्रीसंघटनांनीं त्याचा तीव्र निषेध केला. गर्भाशय काढल्यानें विटाळ टळेल. अत्याचार टळत नाहीं, तो केवळ झांकला जातो.

पुढें २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चंडीगड येथील एका मतिमंद तरुणीची इच्छा मानून तिचा गर्भ राखूं दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १० व्या कलमानें तर अपंग व्यक्तीच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीवांचून वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार निषिद्ध ठरविला.

हा विषय दूरचा नव्हे. याच कायद्यांतील २१ प्रकारांत सिकलसेल हा रक्तदोषही आहे, व आमच्या कोहमाऱ्यास, किंबहुना सर्व गोंदिया जिल्ह्यास, तो परिचित आहे. वधूवर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव ४ मध्यें १ असतो. म्हणून दोघांचेंही रक्त आधीं तपासावें. दोष लपवूं नये, आणि दोष आहे एवढ्यावरून मुलीस नाकारूंही नये.

सुज्ञ गृहिणींस आमची एवढीच विनंती, कीं न्हाण आल्यावर इतर मुलींस जें सांगतां, तें हिलाही सांगा. नको त्या स्पर्शास नाहीं म्हणावयास शिकवा, आणि हवासा वाटणाऱ्या सहवासाची लाज वाटूं देऊं नका. विवाह करावयाचा कीं नाहीं, हें तिला विचारा. उत्तर होकारार्थीच यावें असें नाहीं; परंतु तें तिच्या मुखांतून यावें.