साधी टपरी नावारूपाला कशी येते?



मागच्या बैठकीत आपल्या एका गटाने विषय मांडला. पुण्यतिथी महोत्सवात त्यांनी चून-भाकरीचा स्टॉल लावला होता आणि तो चांगला चालला. आता हायवेच्या कडेला कायमचा स्टॉल टाकायचा म्हणतात. त्यासाठी दोन लाखांचं कर्ज घ्यायचं, टाइल्स लावायच्या, लाइटचा बोर्ड करायचा आणि मेन्यूत पावभाजी, डोसा, चायनीज ठेवायचं, असा प्रस्ताव आहे. एक मावशी म्हणाल्या, "आपल्या भाकरीसाठी कोन थांबते वं? लोकायले हॉटेल पायजे."

कर्ज फिटलं नाही तर हप्ता दहाही जणींच्या माथी येतो. म्हणून आधी हे पाहू, की साध्या जागेवर लोक वाट वाकडी करून का जातात.

गोव्याचे शॅक

गोव्याच्या समुद्रकाठी वाळूतच खाण्यापिण्याची ठिकाणं असतात. त्यांना शॅक म्हणतात. बांबूचे खांब, वर माडाच्या झावळ्या, बसायला साध्या खुर्च्या. पावसाळा आला की ते काढून ठेवावं लागतं आणि पाऊस संपला की पुन्हा उभं करतात. 1960-70 च्या काळात परदेशी प्रवासी तिथे येऊ लागले, तेव्हा किनाऱ्यावरच्या घरच्यांनी त्यांना घरात शिजतं तेच मासे-भात खाऊ घातलं. आज अशा शॅकसाठी जगभरातून लोक येतात आणि जागेसाठी सरकारकडे इतके अर्ज येतात की सोडत काढावी लागते.

तिथे दारूही मिळते. ती आपल्याला नको, मोझरीत तर नकोच. पण धंद्याची गोष्ट समजून घ्यायला हरकत नाही. काचेचं हॉटेल त्या प्रवाशाच्या गावातही असतं. झावळ्यांखाली बसून, समोर समुद्र पाहत, ताजा मासा खायला मात्र तिथेच यावं लागतं.

वेंगुर्ल्याचा बचत गट

आता आपल्यासारख्याच बायांची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ मांडवीची खाडी आहे. खाडीत कांदळवन आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यात अन् चिखलात वाढणारं रान. गावच्या माणसाला त्यात पाहण्यासारखं काय वाटणार? पण तिथल्या मच्छीमार घरांतल्या बायांच्या स्वामिनी बचत गटाने 2017 मध्ये त्याच खाडीत कांदळवन सफारी सुरू केली. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांची मदत मिळाली. बाया स्वतः होडी वल्हवायला शिकल्या. झाडांची, पक्ष्यांची नावं पाठ केली आणि पाहुण्याला समजावून सांगू लागल्या.

त्यांनी नवीन काही बांधलं नाही. खाडी होतीच, रान होतंच. ते दाखवायचं कसं, ते त्या शिकल्या. आज लोक ते पाहायला वेंगुर्ल्याला जातात.

आपल्या वऱ्हाडातली शेगाव कचोरी

फार लांब कशाला? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने 1950 च्या सुमारास शेगाव रेल्वे स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. गाडी थांबते काही मिनिटं. तेवढ्यात हातात घेऊन खाता येईल अशी वस्तू हवी. कचोरीला ताट नको, चमचा नको. मसाला कोरडा, तळण खरपूस, म्हणून ती लवकर खराब होत नाही आणि घरी बांधून नेता येते. गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारा माणूस परतताना पुडा घेऊन जातो. तो पुडा ज्या घरात उघडतो, तिथे जाहिरात फुकटात होते.

यातून काय घ्यायचं?

पहिलं, एकच पदार्थ धरा. समजा मेन्यूत दहा पदार्थ ठेवले आणि संध्याकाळी प्रत्येकातलं 50 रुपयांचं उरलं, तर दिवसाला 500 रुपये गेले. महिन्याचे 25 दिवस धरले तर 12,500. एवढ्यात कर्जाचा हप्ता भरून निघेल.

दुसरं, जे दुसरीकडे मिळत नाही ते द्या. डोसा नागपुरात मिळतो, अमरावतीतही मिळतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी गाडीवाल्याला कुठे मिळणार? रोडग्याला वेळ लागतो, म्हणून रोज करू नका. एक वार ठरवा, समजा रविवार, आणि तो चुकवू नका. "रविवारी मोझरीत रोडगे मिळते" हे लोकांच्या तोंडी बसलं की बोर्डाची गरज कमी पडते.

तिसरं, चव आणि माप बदलू देऊ नका. आज एकीच्या हातची, उद्या दुसरीच्या हातची वेगळी चव लागली तर गिऱ्हाईक तुटतं. मीठ-तिखटाचं माप लिहून भिंतीला लावा.

चौथं, साधेपणा आणि घाण यात फरक आहे. कुडाची भिंत चालते, पण घाणेरडा प्याला चालत नाही. प्यायचं पाणी झाकलेलं, हात धुवायला जागा, जमल्यास बायांसाठी संडास. गाडीतली बाई जिथे नीट उतरू शकते, तिथेच अख्खं घर थांबतं. अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घ्या.

पाचवं, गर्दी वाढली की जपा. नाव झालं की भाव वाढवणं, माल हलका वापरणं, शिळं खपवणं सुचतं. नाव व्हायला वर्षं लागतात, जायला एक हंगाम पुरतो.

मग कर्ज घ्यायचं का?

आमचं म्हणणं एवढंच, की आधी तीन महिने टिनाच्या शेडमध्ये, गटाच्या बचतीतून करून पाहा. रोजची वही ठेवा: किती ताटं गेली, किती उरलं, परत आलेलं गिऱ्हाईक किती. वहीत परत येणारे वाढताना दिसले तर कर्ज घ्या, आणि ते टाइल्सऐवजी पाणी, संडास आणि सावलीवर लावा.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर ती वहीच देईल. पुढच्या बैठकीला ती सोबत आणा.