जकातीची भिंत आणि अंबरनाथची काडेपेटी

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यातला निम्मा भाग रशियाचं तेल घेतल्याबद्दलचा दंड होता. चीनही तेच तेल घेत होता, पण त्याला हा दंड नव्हता. औषधं आणि मोबाइल सुटले. कापड, कोळंबी, पैलू पाडलेले हिरे आणि सेंद्रिय रसायनं सापडली. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे बरेच छोटे कारखाने आहेत, त्यामुळे वॉशिंग्टनचा निर्णय इथे पाळीच्या कामगारापर्यंत पोचू शकतो.

मुक्त व्यापाराची शिकवणी घेणाऱ्यानंच भिंत घालावी, याचा राग रास्त आहे. पण भिंत उभी राहिली की कोण अडतं आणि कोण सहज आत शिरतं, हे अंबरनाथनं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय.

तेव्हा आपल्याकडे काडेपेटी मुख्यतः जपान आणि स्वीडनहून येई. 1922 मध्ये ब्रिटिश सरकारनं ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया जकात लावली. देशी धंद्याचा कळवळा वगैरे काही नव्हता, तिजोरी रिकामी होती. स्वीडिश मॅच कंपनीनं मग भिंतीच्या आतच बिऱ्हाड थाटलं. 1923 मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली, तीच आपली विम्को. अंबरनाथला कारखाना आला. पुढे बरेली, कलकत्ता, मद्रास. देशी कारखानदारांनी आरडाओरड केली, टॅरिफ बोर्डानं चौकशी केली, 1928 मध्ये काडेपेटीच्या धंद्याला संरक्षण देणारा कायदाही झाला. गंमत अशी की, विम्को आतच असल्यामुळे त्या संरक्षणाची सावली तिच्यावरही पडली!

स्वीडिश मॅचच्या या साम्राज्याचा मालक इवार क्रूगर. कर्जात बुडालेल्या सरकारांना पैसे द्यायचे आणि बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी घ्यायची, ही त्याची रीत. 1927 मध्ये फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर, 1929 मध्ये जर्मनीला साडेबारा कोटी डॉलर देण्याचे करार त्यानं केले. पैसा कुठला? बराचसा अमेरिकन बचतदारांचा. इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढून तिचे रोखे त्यानं तिथे खपवले होते. मार्च 1932 मध्ये पॅरिसमध्ये तो गोळी लागून मेलेला सापडला आणि हिशेबातली बनवाबनवी बाहेर आली. अमेरिकेनं 1933 मध्ये रोखे विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला, त्यामागे हाही घोटाळा होता. आपल्या गुंतवणूकदारांची काळजी तिनं घेतली, ते बरोबरच. अंबरनाथच्या कामगाराचं पोट मात्र ज्या सौद्यांवर टांगलेलं होतं, त्यांची त्याला कुणी खबरही दिली नसणार.

त्याच 1922 च्या सुमाराला शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कलकत्त्याला जाऊन काडेपेटी बनवायला शिकून आले. भिंत तीच, इथे परदेशी भांडवल आत आलं, तिथे घरोघर हातानं पेट्या भरणारा धंदा उभा राहिला. हातकामाला उत्पादन शुल्कात सवलत मिळाल्यामुळे तो यंत्राच्या विम्कोपुढे टिकला. त्याच शिवकाशीत लहान मुलंही राबली, हे विसरून स्वदेशीचे गोडवे गाऊ नयेत. पण नुसती भिंत घालून भागत नाही, आतल्या लहान धंद्याला वेगळा हात द्यावा लागतो, एवढं त्यातून दिसतं. आज छोट्या निर्यातदारासाठी सरकारकडे मागायची गोष्ट हीच आहे, असं मला वाटतं.

अमेरिकेचा दुटप्पीपणा जकातीपुरता नाही. अंबरनाथशेजारच्या उल्हासनगरला नकली मालावरून टोमणे फार मिळतात. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. नकलेची वकिली मी करणार नाही. पण 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स अमेरिकेत गेला, तेव्हा तिथले प्रकाशक त्याच्या कादंबऱ्या फुकट छापून विकत होते आणि तो कितीही कानीकपाळी ओरडला तरी परदेशी लेखकांना तिथे कायद्याचं संरक्षण मिळायला 1891 उजाडलं. स्वतःच्या लेखकांची पुस्तकं बाहेर खपू लागल्यावर अमेरिकेला स्वामित्वहक्काची महती पटली. उल्हासनगरला मात्र एवढी सवड कुणी देत नाही.

आणि विम्को? स्वीडिश मॅचनं ती 2005 मध्ये विकली. घेणारी आयटीसी, म्हणजे चांगली भारतीय कंपनी. ती 1910 मध्ये इंपीरियल टोबॅको म्हणून कलकत्त्यात निघाली होती आणि तिच्या मोठ्या भागधारकांत आजही लंडनची ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आहे.