नेपल्सची हस्तिदंती ‘लक्ष्मी’ आणि सोलापूरजवळचे तेर

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील नेपल्स हे मूळचे ग्रीकांनी वसविलेले शहर प्राचीन कलेच्या जिज्ञासूंना मुख्यतः तेथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी महत्त्वाचे वाटते, कारण इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई व हर्क्युलेनियम या नगरांतील भित्तिचित्रे, शिल्पे आणि कुट्टिमचित्रे, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून केलेली मोझेइक चित्रे, तेथे जतन केलेली आहेत. अलेक्झांडर व इराणचा राजा दारयस यांच्या युद्धाचे भव्य कुट्टिमचित्र त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असले, तरी सोलापूरच्या प्रवाशाने ज्या वस्तूपुढे अधिक वेळ थांबावे, ती जेमतेम वीतभर उंचीची आहे.

पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना 1938 मध्ये पॉम्पेईतील एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरपूर, दोन्ही बाजूंस एकेक लहान दासी आणि डोक्यापासून खाली गेलेले छिद्र, अशी तिची घडण असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा भाग असावी, असे मानले जाते. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे तिचे नाव रूढ झाले, पण लक्ष्मीची नेहमीची लक्षणे तिच्यात नसल्यामुळे ती यक्षी, म्हणजे समृद्धीशी निगडित लोकदेवता, असावी हे मत अधिक पटण्याजोगे आहे. संग्रहालयाने तिला शृंगारिक वस्तूंच्या ‘गुप्त दालना’त ठेवले, यातून मूर्तीपेक्षा युरोपीय दृष्टीचीच ओळख अधिक होते.

या मूर्तीशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेली आहे, आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही याच शैलीचा नमुना मिळाला. त्यामुळे पॉम्पेईच्या मूर्तीचे मूळ दख्खनमध्ये शोधले जाते; तिच्या तळाशी कोरलेले अक्षर मात्र वायव्य भारतात वापरल्या जाणाऱ्या खरोष्ठी लिपीतील असल्याने हा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही.

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे जॉन फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि तेथून साधे कापड व मलमल भडोचच्या बंदरात जात असल्याचे नमूद आहे. भडोचहून माल तांबड्या समुद्रातील बंदरांत, तेथून उंटांवरून व नाईल नदीतून अलेक्झांड्रियास, आणि पुढे नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरात पोहोचत असे. (सोलापूरच्या आजच्या चादरींचे नाते थेट तगरच्या मलमलीशी जोडण्याचा मोह आवरलेला बरा, कारण तशी अखंड परंपरा सिद्ध झालेली नाही.) व्यापार एकतर्फीही नव्हता: तेरला रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदके व पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडविलेल्या मूर्ती मिळाल्या, तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीक समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती सापडली.

गोरोबा काकांच्या समाधीसाठी तेरला जाणारे वारकरी पुष्कळ. परंतु तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात पाऊल ठेवणारे, तसेच मूळ बौद्ध चैत्यगृह मानले जाणारे विटांचे त्रिविक्रम मंदिर निरखून पाहणारे त्या मानाने थोडे असतात. नेपल्सचा बेत आखणाऱ्या सोलापूरकरांनी आधी धाराशिवमार्गे तेर गाठावे, म्हणजे परक्या दालनातील ती मूर्ती परकी वाटणार नाही. नेपल्सचे संग्रहालय मंगळवारी बंद असते; तो दिवस पॉम्पेईच्या अवशेषांसाठी राखून ठेवावा.